बिनचढणीचा गड

पुण्यात गडाचा विषय निघाला की पहिला प्रश्न वेळेचा असतो. किती मिनिटांत चढलास? रविवारी पहाटे सिंहगडाची पायवाट चढणाऱ्यांतले निम्मे लोक मनगटाकडे बघत चढतात आणि वर दह्याचं मडकं हातात येईपर्यंत त्यांचा आकडा मित्रमंडळात फिरूनही आलेला असतो. या हिशेबात पन्हाळा बसतच नाही. तिथं थेट वरपर्यंत गाडी जाते, एसटी जाते, लग्नाची वऱ्हाडंही जातात. ट्रेकवाली मंडळी त्याला ‘पिकनिकचा गड’ म्हणतात आणि म्हणताना त्यांचं नाक किंचित वर जातं.

मला नेमका तसाच गड हवा होता, कारण बरोबर आत्या होती. माझी ही आत्या सदाशिव पेठेतून लग्न होऊन कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आली, त्याला आता पन्नासेक वर्षं झाली. भाषा निम्मी इकडची, निम्मी तिकडची. तिखट मात्र पूर्ण तिकडचं. तिचा एक गुडघा बदललेला आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. ‘रंकाळ्याभोवती फिरून फिरून आता रंकाळाच मला ओळखायला लागलाय,’ ती म्हणाली. ‘गडावर चालू की. झाडी आहे, वारा आहे, दमलं की टेकायला दगड आहे. आणखी काय पाहिजे?’

कार्तिक संपत आलेला. पहाटे निघालो खरे, पण कोल्हापूर पहाटे सोडणं सोपं नाही. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि गवळी तिथल्या तिथं धारा काढत होता. फेसानं भरलेला पेला तो कुणाच्याही हातात देत होता आणि माणसं उभ्या उभ्या, मिशीला फेस लागू देत, घटाघटा पीत होती. तालमीतून आलेली दोन पोरं, कापडाच्या दुकानातले एक काका, रिक्षावाला, सगळे एकाच रांगेत. आमच्या घरी दूध पिशवीतून येतं, तापवलं जातं, गार केलं जातं आणि मग त्यात काहीतरी पावडर घालून पोरांच्या मागे धावावं लागतं. मी बिचकत एक पेला घेतला. ‘कच्चंच?’ असं विचारल्यावर गवळ्यानं माझ्याकडे नाही, आत्याकडे बघितलं. ‘पावणं पुण्याचं दिसत्यात,’ तो म्हणाला. आत्यानं मान हलवली आणि माझ्या वतीनं दुसराही पेला सांगितला.

शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडताना नदीवर धुकं होतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच जणी चिखलीजवळ प्रयागावर एकत्र येतात आणि मग ही शांत दिसणारी नदी होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच रस्त्यावरून होड्या चालल्या होत्या. आंबेवाडी, चिखलीच्या लोकांना घरंदारं सोडून बाहेर यावं लागलं होतं. आता दोन्ही बाजूंना ऊस, त्याला पांढुरके तुरे आलेले, आणि मधूनच ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर ऊस आणि उसाच्याही वर मोठ्या आवाजात गाणी. शेताच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या पालाच्या कोप्या होत्या. मराठवाड्यातून आलेली ही कुटुंबं पहाटेपासून फडात होती. एका कोपीबाहेर दुपट्यात गुंडाळलेलं मूल आणि त्याला सांभाळणारी जेमतेम सहा वर्षांची बहीण एवढीच माणसं उरली होती. साखरेचा जिल्हा म्हणून कोल्हापूरचं कौतुक करताना या कोप्या सहसा वगळल्या जातात.

वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. थांबलो म्हणजे आत्यानं थांबवलं. चुलवाणात चिपाडं ढकलत एक म्हातारा बसला होता, मोठ्या काहिलीत रस उकळत होता, आणि भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी एक पोरगा झाऱ्यानं काढून टाकत होता. गुळव्या मात्र काहीच करत नव्हता. तो नुसता रसाकडे बघत उभा होता. मग एकदम त्यानं थेंब पाण्यात टाकून बोटांनी चेपला आणि हात वर केला. चार माणसं धावली आणि त्यांनी काहील उचलून वाफ्यात रिकामी केली. त्या एका क्षणासाठीच त्याला मजुरी मिळत असावी. आम्ही काही विकत घेणार नाही हे स्पष्ट दिसत असूनही म्हाताऱ्यानं पानावर गरम काकवी दिली. ‘कुठं निघालासा?’ पन्हाळ्याला. ‘मग खावा की. वर काय मिळतंय न मिळतंय.’ पैसे विचारल्यावर त्याला जरा रागच आला.

वाघबीळ मागे पडलं, घाट सुरू झाला आणि संपलाही. पन्हाळा कोल्हापूरहून जेमतेम वीस किलोमीटर. गडाच्या नाक्यावर आम्ही गाडी सोडली आणि पायी निघालो. बाकीच्या गाड्या आमच्या अंगावर धूळ उडवत पुढे गेल्या. पन्हाळ्यावर येणारे बहुतेक लोक असेच बघतात: गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, गाडीत बसायचं, पुढचा ‘पॉइंट’. दोन तासांत गड संपतो. तटबंदी सात किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि आत अख्खं गाव वसलेलं आहे, हे काचेआडून कळायचं कसं?

गडावर शिरताना पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे नसलेला दरवाजा. इथं चार दरवाजा होता. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी बंड केलं. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणाऱ्या या लोकांच्या जमिनी आणि हक्क काढून घेतले गेले तेव्हा सामानगडावर ठिणगी पडली आणि ती इथवर आली. कर्नल ओव्हान्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून त्यांनी पन्हाळ्यावरच कोंडलं होतं. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेनं गड घेतला आणि मग तटाची मोडतोड केली, त्यात हा दरवाजाही गेला. आज त्या जागेवरून एसटी वळण घेते. दरवाजा पाडला नसता तर एसटी वर आली असती का, असा एक आगाऊ विचार मनात आला.

त्या एसटीतून उतरणाऱ्यांत पर्यटक थोडेच होते. बरेचसे लोक धोतर-टोपीतले, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. पन्हाळा तालुक्याचं ठिकाण आहे. तहसील कचेरी इथं, कोर्ट इथं. तालुक्यातला माणूस गडावर येतो तो सात-बाराचा उतारा काढायला, वाटणीची तारीख घ्यायला, स्टँप करायला. वडाखाली बसून भाकरी सोडणाऱ्या अशा एका काकांशेजारी आत्या टेकली आणि दोन मिनिटांत त्यांच्या भावकीच्या खटल्यात शिरली. मी विचारलं, इथं येता तेव्हा गड बघता का कधी? त्यांनी माझ्याकडे जरा करुणेनं बघितलं. ‘आमाला गड म्हंजे कचेरी. म्हाराजांच्या काळात बी कचेरीच हुती की.’

हे वाक्य पुढे दिवसभर माझ्या बरोबर चाललं. आपण गड म्हटलं की लढाई बघतो, कडा बघतो, उडी बघतो. गड हे मुळात राज्यकारभाराचं ठिकाण. तिथं हिशेब होत, वसूल जमा होई, न्याय होई, धान्य साठे, पोरं जन्मत. दुर्गम गडावर चढून आपला श्वासच इतका फुललेला असतो की या गोष्टी सुचत नाहीत. पन्हाळ्यावर श्वास जागेवर असतो.

सज्जाकोठी गडाच्या पूर्व कड्यावर आहे. आदिलशाही बांधणीची, घुमटाची, दरीत डोकावणारा सज्जा असलेली छोटीशी इमारत. मोगल सरदार दिलेरखानाकडून परतलेल्या संभाजीराजांची आणि शिवाजी महाराजांची भेट १६८० च्या सुरुवातीला पन्हाळ्यावर झाली आणि त्या बोलण्याशी हीच कोठी परंपरेनं जोडली जाते. बाप-लेक काय बोलले असतील याचे संवाद नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी भरपूर पुरवले आहेत. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३ एप्रिल १६८० ला, महाराजांचं रायगडावर निधन झालं आणि युवराज तेव्हा इथं पन्हाळ्यावर होते. समोर दरी, पलीकडे जोतिबाचा डोंगर. एवढं बघायला सज्जा पुरे आहे, संवादांची गरज नाही.

आत्या वर आली नाही. जिना अरुंद आणि पायऱ्या उंच. ती खाली कट्ट्यावर बसली. तिच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत एक आजी होत्या, इचलकरंजीच्या. नातू त्यांना डांबरी रस्त्यावरून ढकलत इथवर घेऊन आला होता. मी खाली उतरलो तेव्हा दोघींचं ठरलेलं होतं की वर बघण्यासारखं काही नसणार, कारण वरून उतरणारा प्रत्येक जण नुसता मोबाईलमध्ये बघत उतरतोय. गड सोपा आहे म्हणतात तो असा: रस्ता आहे तिथवर सोपा, पहिली पायरी आली की खुर्ची थांबते. दोन ठिकाणी उतार आणि धरायला एक दांडी झाली तर त्या आजींना निम्मा गड मोकळा होईल. सेल्फीसाठी बदामाच्या आकाराची चौकट उभारायला जितके पैसे लागतात तितक्यात हे बसावं.

तिथून झाडीतल्या रस्त्यानं अंबरखान्याकडे. वाटेत सादोबाचा तलाव लागला, काठावर बायका धुणं धूत होत्या आणि पलीकडे पोरांचं क्रिकेट रंगलं होतं. सिंहगडावर सूर्य कलला की माणसं खाली उतरायला लागतात. इथं दुपार झाली की शाळा सुटते, गिरणीचा आवाज येतो, कुणीतरी गॅलरीतून कुणालातरी हाक मारतं. परक्याच्या गावात पायी चाललं की लोक आपल्याला प्रश्न विचारतात आणि पन्हाळ्याचे लोक तर विचारण्यात कसूर करतच नाहीत. कुठनं आलासा, जेवलासा का, आक्कांचा पाय दुखतोय व्हय. पुण्यात माझ्या इमारतीत मी आठवडाभर लंगडत फिरलो तरी लिफ्टमध्ये कुणी विचारणार नाही, आणि त्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. मधेच एका दारातून एक आजोबा बाहेर आले, आम्हाला अंबरखान्याची वाट सांगायला म्हणून, आणि बोलत बोलत थेट अंबरखान्यापर्यंत सोडून परत गेले.

अंबरखाना हे पन्हाळ्याचं हृदय. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन धान्यकोठ्या. त्यांतली गंगा सर्वांत मोठी, पस्तीसेक फूट उंच, जाड भिंतींची आणि आत कमानींचे सोळा खण. कोठीच्या बाहेरून दोन्ही बाजूंनी पायऱ्या छतावर जातात. छताला भोकं आहेत; वरून धान्य ओतायचं आणि गरज पडेल तसं खालून काढायचं. पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. आत शिरलं की बाहेरच्या उन्हाचा काही संबंध राहत नाही, इतका गारवा. मार्गदर्शकानं टाळी वाजवून घुमणारा आवाज ऐकवला, सगळ्यांनी वाजवून बघितला, मीही वाजवला.

इथं कोणतं धान्य असायचं, असं आत्यानं विचारलं. वरी, नाचणी आणि भात, तो म्हणाला. आत्या कोठीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं आम्हा सगळ्यांना जे सांगितलं ते कुठल्याही फलकावर नव्हतं. ‘बरोबर आहे. भात म्हणजे साळ, टरफलासकट. तांदूळ करून ठेवला तर वर्षात पोरकिडे होतात. नाचणी तर वर्षानुवर्षं राहते, तिला कीड शिवत नाही. गहू-ज्वारी ठेवून बघा बरं इथल्या पावसात!’ मार्गदर्शकानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं पुढच्या गिऱ्हाइकाला ते त्यानं स्वतःच्या नावावर सांगितलं असणार.

आदिलशाही सरदार सिद्दी जौहरनं १६६० च्या मार्चमध्ये पन्हाळ्याला वेढा घातला आणि जुलैच्या मध्यापर्यंत महाराज त्यात अडकून राहिले. मधे अख्खा उन्हाळा गेला, वळवाचे पाऊस गेले, आषाढ लागला. पावसाळ्यात वेढा ढिला पडेल हा अंदाज जौहरनं खोटा ठरवला. त्यानं छपऱ्या उभारल्या आणि वेढा तसाच ठेवला. राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला आणि आपलं निशाण फडकावून गडावर गोळे टाकू लागला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठून त्या वखारीचा हिशेब चुकता केला. ते सगळे चार महिने गडावरचे लोक जेवत होते. महाराज वेढ्यातून निसटले, ज्या रात्रीची गाणी आपण म्हणतो, त्या रात्रीपर्यंत माणसं पोचली ती या कोठारातल्या नाचणीच्या बळावर. पण नाचणीचा पोवाडा कोण रचणार?

भुकेचा विषय निघालाच होता. रस्त्याकडेला झुणका-भाकरीच्या टपऱ्या आहेत. चुलीवर भाकरी, तव्यात झुणका, वाटीत दही, फोडलेला कांदा आणि खर्डा. ‘बसा आक्का, गरम देतो. ज्वारीची खाणार का नाचणीची?’ मालकीणबाईंनी विचारलं. कोठारातून आल्यावर नाचणीशिवाय दुसरं मागवणं शक्यच नव्हतं. ‘खर्डा जपून, पावणं,’ त्या मला म्हणाल्या आणि मी जपून खाल्ला तर ‘एवढाच?’ असंही म्हणाल्या. सिंहगडावरचं पिठलं मी लहानपणापासून खात आलोय आणि त्याची बदनामी करणार नाही. पण तिथं पिठलं हे चढण्याचं बक्षीस असतं, म्हणून ते चवीपेक्षा जास्त लागतं. इथं काही न चढता बसलो होतो. भाकरीला स्वतःच्याच चवीवर उभं राहायचं होतं आणि ती राहिली. शेजारच्या बाकावर कचेरीतले दोन कारकून जेवत होते. त्यांना तर कौतुकही नव्हतं, रोजचंच.

जेवणानंतर मोरोपंत ग्रंथालयावरून गेलो. कवी मोरोपंत पराडकर १७२९ मध्ये याच गडावर जन्मले. इथल्याच पाध्ये गुरूंकडे शिकले आणि तरुणपणी बारामतीला गेले ते तिथलेच झाले. शाळेत त्यांच्या आर्यांनी आमचा जीव नकोसा केला होता. गडावर एक मुलगा संस्कृत काव्य घोकतोय हे चित्र मात्र मला फार आवडलं. त्याच काळात पन्हाळा ही करवीर राज्याची राजधानी होती. ताराराणींनी ती इथं आणली, आणि १७१४ मध्ये त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी, सत्ता हाती घेतली तेव्हा ताराराणी आणि त्यांचा मुलगा याच गडावर कैदेत पडले. १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात गेली. म्हणजे कोल्हापूर राजधानीचं शहर झालं ते पन्हाळ्यानंतर, हे अंबाबाईच्या देवळाबाहेर कुणाला सांगून बघा.

तीन दरवाजापाशी शाळेची सहल आली होती. खाकी पँटी, निळी फ्रॉकं, प्रत्येकाच्या हातात चिंचेची गोळी. सर ओरडून सांगत होते, ‘हा दगड जोडताना शिसं ओतलंय, बघा!’ आणि पोरं शिसं शोधायला भिंतीला चिकटली होती. दरवाजा खरोखर देखणा आहे: एकामागून एक कमानी, मधला चौक, पहारेकऱ्यांच्या देवड्या, बारीक कोरीव काम. इब्राहिम आदिलशहाच्या काळातला फारसी शिलालेख इथं आहे आणि दगडात कोरलेला गणपतीही आहे. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकात गड बांधला, मग यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे, थोडा काळ मोगल, पुन्हा मराठे. जो आला त्यानं आधीच्याचं सगळं पुसलं नाही. त्याला तेवढा वेळ नव्हता की तेवढी अक्कल होती, कोण जाणे.

लगतच अंधारबाव. बाहेरून वाड्यासारखी दिसते, आत तीन मजली विहीर. वर पहारा, मधे माणसं, खाली पाणी. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीभोवती अख्खी इमारतच बांधून टाकली. पोरं आत शिरली आणि किंचाळून प्रतिध्वनी तपासू लागली. सरांनी दोनदा गप्प केलं आणि मग स्वतःच एक लांब ‘जय भवानी’ दिली. एक मुलगी मात्र खालच्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? ‘घागर कशी भरायची वो हितनं? दोर लई लागंल.’ तिच्या घरी अजून घागर भरावी लागत असेल. गडाची अशी परीक्षा पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या सहलीत मी ऐकलेली नाही.

ऊन उतरायला लागल्यावर आम्ही पश्चिमेकडच्या तटाच्या कडेनं पुसाटी बुरुजाकडे निघालो. काळा दगड, तटावर वाढलेलं सोनेरी गवत, आणि समोर दूरपर्यंत पसरलेलं मसाई पठार. या बाजूला आल्यावर गडाचा आवाजच बदलतो. गाव मागे राहतं, वारा तेवढा उरतो. राजदिंडी नावाची वाट तटातून खाली उतरते. १२ जुलै १६६० च्या रात्री, धो धो पावसात, महाराज निघाले ते याच वाटेनं, असं मानतात. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे बरोबर. दुसऱ्या पालखीत गडाखालच्या नेबापूरचा शिवा काशीद महाराजांच्या वेशात बसला, पकडला गेला आणि मारला गेला. बाजीप्रभू पुढे घोडखिंडीत पडले, तिची पावनखिंड झाली. बाजींचा पुतळा गडावर आहे, शिवा काशीदांचंही स्मारक आहे. पण सहलीच्या पोरांना मी विचारलं तेव्हा बाजींचं नाव सगळ्यांनी सांगितलं आणि शिवा काशीदांचं दोघांनी. मला हे खटकलं. खिंडीत लढणाऱ्याच्या हातात निदान तलवार होती. पालखीत बसलेल्या माणसाला पकडले जाण्यासाठीच बसायचं होतं.

दरवर्षी आषाढात हजारो तरुण इथून पावनखिंडीकडे चालत जातात, मसाई पठारावरून, चिखलातून, ओढे ओलांडत. ती पन्नासेक किलोमीटरची वाट सोपी नाही. आत्या राजदिंडीच्या वरच्या बाजूला थांबली, खाली वाकून वाट कुठवर दिसते ते तिनं बघितलं. ‘रात्री, पावसात, चप्पल नसेल पायात,’ एवढंच म्हणाली.

परतताना एका चहाच्या टपरीवर बसलो. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा गड जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यांत आहे. योगायोग असा की राजाराम महाराज १६८९ मध्ये पन्हाळ्यावरूनच जिंजीकडे निघाले होते. हे मी चहावाल्याला उत्साहानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. ‘चांगलं झालं की,’ तो म्हणाला, ‘पण आता घराचं पत्रं बदलायचं झालं तर कुणाला इचारायचं, ते सांगा.’ त्याच्या घराण्याच्या किती पिढ्या इथं गेल्या त्याला मोजता येत नव्हत्या. बाजूचा एक जण म्हणाला, ‘आमाला हितनं उठीवणार न्हाईत ना?’ २०२१ च्या पावसाळ्यात गडावर येणारा मुख्य रस्ता खचला होता तेव्हा भाजी, गॅस, औषध वर आणताना काय झालं ते त्यांनी मग सविस्तर सांगितलं. पुतळ्यांना आणि बुरुजांना अशी भीती नसते.

मला विचाराल तर पन्हाळ्याचा सर्वांत मोठा ऐवज ही माणसंच. उरलेल्या बहुतेक गडांवर आपण गेलेल्या माणसांची आठवण काढायला जातो. इथं माणसं गेलेलीच नाहीत. तट राखायचा तर तटाच्या आतला चहावालाही राखायला हवा, कचेरीत आलेला शेतकरीही. नाहीतर कागदावर वारसा उरेल आणि संध्याकाळी सहानंतर गडावर फक्त कुलपं आणि वॉचमन.

पन्हाळ्याला जाल तेव्हा गाडी नाक्यावरच ठेवा आणि पायी निघा. आवाजाचे स्पीकर खाली राहू द्या. अंबरखान्यात टाळी वाजवून झाली की थोडा वेळ गप्प उभे राहा, आणि झुणका-भाकरीच्या पैशांत घासाघीस करू नका. गुडघे गेले म्हणून ज्यांनी गड सोडून दिलेत असं घरात कुणी असेल, तर त्यांना बरोबर न्याच. सज्जाकोठीच्या जिन्यापाशी मात्र त्यांना आपला हात द्या. पायऱ्या खरंच उंच आहेत.